मिसळ निघाली ठाण्याला

मामलेदारच्या मिसळीच्या गावात बाहेरून मिसळ विकायला जायचं, तेही डोंबिवलीहून, याला काळीज लागतं. भाऊजींकडे ते आहे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते रिकामंच होतं. उपवन तलावाजवळच्या एका संकुलात रविवारी खाद्यजत्रा आहे असं कळताच त्यांनी ताईच्या मिसळीच्या भरवशावर जागा बुक केली, आणि एमआयडीसीतल्या एका मिस्त्रीकडून स्टीलची दोन चाकी ट्रॉली बनवून घेतली. फळी वर उचलली की दुकान, खाली पाडली की डबा.

ओढायला घरची बोलेरो. बोलेरो बाजारात आली 2000 साली. भाऊजींची त्यानंतर थोड्याच वर्षांत घरात आली आणि मग कुठे गेलीच नाही. म्हातारी झाली, पण खाली शिडीसारखी दणकट चासी आणि 2523 सीसीचं डिझेल इंजिन.

"हत्ती ओढेल ही," भाऊजी म्हणाले.

"ओढेल हो साहेब," मिस्त्री म्हणाला. "थांबवेल का ते बघा."

ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नव्हते. म्हणजे भरलेल्या ट्रॉलीचं सहाशे किलो ओझं म्हाताऱ्या बोलेरोच्याच ब्रेकांवर येणार. मिस्त्रीने आधी ब्रेकचे लायनर बदलायला लावले, कूलंट बदलायला लावलं, ट्रॉलीच्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरलं. हूक बंपरला न लावता चासीला बोल्टाने आवळला, कारण बंपर ही शोभेची वस्तू आहे. हुकाखाली दोन साखळ्या एकमेकींना छेदून टाकल्या. पिन निसटलीच तर ट्रॉलीचं नाक त्या फुलीत अडकतं, रस्त्यात रुतत नाही. एवढं झाल्यावर भाऊजींना वाटलं, सुटलो. तर मागे नंबर प्लेटही हवी! 1988 च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच. इंजिन नाही, डिझेल पीत नाही, तरी मोटार. आमच्याकडे असे काही नातेवाईकही आहेत, पण त्यांची नोंदणी करावी लागत नाही.

रविवारी पहाटे निघालो. भाऊजी स्टिअरिंगवर, शेजारी मिस्त्री, मागे मी आणि ताई. ताईच्या मांडीवर तर्रीचं पातेलं, कारण तर्री ट्रॉलीच्या हवाली करायला ती तयार नव्हती. गॅसचं सिलिंडर मिस्त्रीने ट्रॉलीत ठेवूच दिलं नाही. ते तिथेच मिळणार होतं. सामान मात्र ताईने लावलं होतं, म्हणजे स्वयंपाकघराच्या सोयीने: डीप फ्रीझर अगदी मागे, दाराशी. दही काढायला बरं.

घरडा सर्कल, मानपाडा, काटई. एरवी कल्याण-शीळ रस्त्यावर ट्रॉलीला धोका नाही, कारण तिथे कोणालाच वेग घेता येत नाही. पण पहाटे मेट्रो 12 च्या पत्र्यांमधला रस्ता चक्क मोकळा होता. भाऊजींच्या अंगात वारं भरलं. काटा साठकडे सरकला. आरशात ट्रॉलीचा डावा कोपरा दिसला, मग उजवा, मग पुन्हा डावा, आणि दर खेपेला जरा जास्तच. बोलेरोची मागची बाजू तिच्याबरोबर झुलायला लागली.

"तर्री!" ताई ओरडली.

"ब्रेक नको!" मिस्त्री त्याहून मोठ्याने ओरडला. "पाय उचला नुसता. स्टिअरिंग सरळ धरा, तिच्याशी भांडू नका!"

भाऊजींनी पाय उचलला. ट्रॉली दोनदा रुसली आणि गुमान मागे चालायला लागली.

शीळफाट्याला भंगारवाल्यांची रांग आहे, आणि भंगारवाला म्हणजे वजनकाटा. एक जण नुकताच शटर वर करत होता. मिस्त्रीने ट्रॉली सोडवली आणि तिचं नाक काट्यावर टेकवलं. 18 किलो. "साठच्या आसपास पाहिजे," तो म्हणाला. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा नाकावर हवा. नाक हलकं आणि शेपूट जड झालं, की ट्रॉली नाचते. फ्रीझर चाकांच्या पुढे सरकवला, कांद्याचं पोतं त्याच्या पुढे टाकलं. 57 किलो. भंगारवाल्याने दोन्ही वेळा विचारलं, "द्यायचीय का?" ताईने शेवटी त्याला मिसळीचा डबाच दिला, तेव्हा तो गप्प झाला. दह्याचं काय, या प्रश्नावर मात्र ती आणि मिस्त्री अजून एकमताचे नाहीत.

पुढे मुंब्रा बायपास. 1916 साली रेल्वेने इथे डोंगर चढायच्या भानगडीत न पडता पारसिकचा बोगदा काढला, त्या शहाणपणाची आठवण चढावर दर वळणाला होते. मागून न्हावा-शेव्याचे चाळीस फुटी कंटेनर. त्यांच्यामध्ये आमची मिसळ म्हणजे वरातीत चुकलेलं पोर. टेंपरेचरचा काटा वर जाताना बघून भाऊजींनी एसी बंद केला. उतारावर मिस्त्रीने दुसरा गिअर टाकायला लावला आणि बजावलं, की ब्रेक दाबून ठेवायचा नाही. तापला की तो लागतच नाही. इंजिन घोंघावत गाडीला धरून राहिलं. मागचे हॉर्न वाजवत राहिले. रेतीबंदरची खाडी दिसली तेव्हा भाऊजींनी पहिल्यांदा खांदे खाली सोडले.

कॅडबरी नाक्याच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढली. "मिसळ काय भाव?"

"सत्तर," ताई म्हणाली. सिग्नल सुटला. धंद्याची पहिली चौकशी अशी वाया गेली.

वर्तकनगरमार्गे उपवनला पोहोचलो आणि खरा प्रवास तिथे सुरू झाला: रिव्हर्स. ट्रॉलीला मागे न्यायचं तर स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरायचा आणि ट्रॉली ज्या बाजूला हवी त्या बाजूला सरकवायचा, एवढं साधं आहे. पण संकुलाचा वॉचमन, दोन आजोबा आणि ढोकळ्याच्या स्टॉलवालीचा नवरा असे सगळे मिळून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत असतील, तर माणसाला डावं-उजवं कळेनासं होतं. ट्रॉली आधी तुळशी वृंदावनाकडे गेली, मग ढोकळ्याकडे. शेवटी मिस्त्री उतरला, चाकांना विटा लावल्या, पिन काढली, विटा काढल्या आणि चौघांनी ढकलून ती जागेवर नेली. आजोबा म्हणाले, "हे आधीच करायचं होतंत." ते बरोबरच होतं.

मिसळ एकच्या आत संपली. ठाणेकरांच्या मते ती जरा सौम्य आहे.

शीळफाट्याला किंवा घोडबंदर रोडला अशी ट्रॉली ओढणारी जुनी गाडी दिसली, तर कृपा करून तिच्या पुढ्यात रिक्षा, बाईक घालू नका. तिने पुढे मोकळी सोडलेली जागा तुमच्यासाठी नसते, तिला थांबायला लागते. आणि मिसळ हवी असेल तर जत्रेत या. सिग्नलला मिळत नाही.