हरळीचं बेणं

आमच्या मामांचं अर्धं आयुष्य उसात गेलं आणि उरलेलं हरळीत. इंदापूर तालुक्यातलं भवानीनगर, नीरा डाव्या कालव्याचं पाणी, छत्रपती कारखान्याला जाणारा ऊस, आणि बांधावरून आत घुसणारी ही बया. नांगरावी, तर फाळानं तुकडे होतात आणि एकेक कांडी स्वतंत्र संसार थाटते. खुरपून बांधावर फेकावी, तर एका वळवानंतर तो ढीगच हिरवा.

असा माणूस माझ्या धाकट्या भावाची नोकरी बघायला पुण्याला निघाला. भाऊ शेतकी पदवीधर असून एका गोल्फ मैदानावर गवत सांभाळतो, एवढंच मामांना ठाऊक. मोरगाव वाटेतच. मयूरेश्वरासाठी दूर्वांची जुडी घेताना त्यांची कुरकुर सुरू झाली, "रानात हीच उपटायला बायकांना रोज द्यायचा, अन् हितं पैसं मोजून हीच घ्यायची. देवाचं हाय म्हणून गप."

मैदानावर भावानं भोकाभोवतीची ती गुळगुळीत हिरवळ दाखवली. मामा उकिडवे बसले, बोटानं चाचपलं आणि ताडकन उठले. "आरं, ही तर हरळी!"

"साधी नाही, मामा. टिफड्वार्फ. अमेरिकेत टिफ्टन गावी ग्लेन बर्टन नावाच्या शास्त्रज्ञानं आपल्या हरळीचा तिच्या आफ्रिकेतल्या भावकीशी संकर केला, त्या घराण्यातली. हिला बी धरत नाही. कांड्याच लावाव्या लागतात."

"म्हंजी बेणं?"

"बेणंच."

"इकत?"

"विकत."

मामा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "८६०३२ ऊस लावला, त्याची साखर हुती. हिचं काय हुतं?"

"हिच्यावरून चेंडू घरंगळतो."

चेंडू नीट घरंगळावा म्हणून हे गवत तीन-चार मिलिमीटरवर कापतात. (माझी दाढी याहून वाढलेली असते.) पण भावाची खरी झोप उडवतं ते पात्यांच्या खालचं. मातीच्या वर जुन्या कांड्या, खोडं आणि मुळं यांचा थर साचत जातो. कापलेली पाती लवकर कुजतात, त्यांचा त्रास नाही. या कांड्यांत लिग्निन भरपूर, त्या दाद देत नाहीत. थोडा थर बरा असतो, चेंडूचा नि पावलांचा मार झेलतो. अर्ध्या इंचाच्या वर गेला की पाणी खाली उतरत नाही, मुळं मातीत जायचं सोडून त्या थरातच बिऱ्हाड करतात, बुरशीला आयती जागा मिळते, आणि कापणीचं यंत्र रुतून हिरवळीला टक्कल पाडतं.

"पाचट हाय की हे," मामा म्हणाले. "काडी लाव. रात्रीत रान मोकळं."

भावाचा चेहरा बघून त्यांनी लगेच माघार घेतली. "नको, बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राचं साहेब लोक बी नकोच म्हणत्यात." आणि त्यांनी पाठ असलेलं सगळं घडाघडा सांगितलं: हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं, ते सरीतच दाबायचं, टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट, १ किलो जिवाणू संवर्धन. "तू बी टाक युरिया."

"मामा, युरियानंच तर हा थर वाढतो!"

आता एका घरात दोन कृषितज्ज्ञ झाले. गंमत अशी की दोघांचंही बरोबर होतं. कोरड्या पाचटात नत्र नावापुरतं, म्हणून कुजवणाऱ्या जिवाणूंना वरून घालावं लागतं. हिरवळीवर मात्र ते आधी जिवंत हरळीच खाते, फोफावते, आणि थर कुजण्याहून जास्त वेगानं साचवते. मामांना हे पटलं नाही. फुकट सल्ला नाकारला गेल्याचं दुःख वेगळंच असतं.

मग भावानं यंत्रं दाखवली. एकात उभी पाती गरगरत थर चिरतात आणि मेलेलं गवत वर ओढून काढतात. "कुळव हाय," मामांनी निकाल दिला. दुसरं जमिनीला भोकं पाडत मातीच्या बोटभर कांड्या उपसतं. "माती परीक्षणाला देता व्हय?" नाही, आत हवा जावी म्हणून. आणि त्या भोकांत, वरून सगळीकडे, चाळलेली वाळू पसरतात. वाळू थरात मिसळली की तो कुजायलाही मदत होते.

वाळू म्हटल्यावर मात्र मामा सावध झाले. भीमाकाठच्या तालुक्यात हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नाही. इकडेतिकडे बघून त्यांनी हळूच विचारलं, "किती ब्रास? पावती हाय ना? तहसीलदार येत न्हाई ना हिकडं?"

चहा झाला. भावानं कौतुकानं विचारलं, "मामा, काही न्यायचं का इथलं? खतासाठी तो उपसलेला ढीग?"

मामांनी हात जोडले. फाटकापाशी गाडीत बसण्याआधी त्यांनी दोन्ही चपला काढल्या, उलट्या करून तळवे निरखले, एका टाचेत अडकलेली इंचभर कांडी नखानं सोडवली आणि भावाच्या तळहातावर ठेवली.

"इकत घेतल्याली हाय. मोजून ठेव."