एवढी एक कळी फुलू दे

गच्चीवरच्या गुलाबाची कुंडी बदलायचं मी गेली चार वर्षं ठरवतो आहे. दर वेळी अडतं एकाच गोष्टीवर: त्याला कळी असते. एवढी एक कळी फुलू दे, मग बदलू. ती फुलते, चार दिवस मिरवते, पाकळ्या टाकते, आणि तोवर शेजारच्या फांदीने दुसरी कळी डोक्यावर घेतलेली असते. जात ग्लॅडिएटर. १९५५ साली अमेरिकेत जन्मलेली, पण आपल्या फुलबाजारात वर्षानुवर्षं अशी नांदली की हारवाल्यांना ती गावातलीच वाटावी. नावाला जागून हा गडी बारा महिने लढत असतो.

विलायती पुस्तकांत हा पेच नसतो. तिकडचा गुलाब हिवाळ्यात पानं टाकून झोपतो. झोपलेलं पोर या पाळण्यातून त्या पाळण्यात ठेवावं तशी त्याची कुंडी बदलायची. पुण्यातला गुलाब झोपतच नाही. त्याला झोपवावं लागतं, तेही पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात, छाटणी करून. मे महिन्यात मुळं उघडी केली तर तो करपतो. भर पावसात केली तर कापलेल्या जागा कुजतात आणि फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत खाली येतात. ऑक्टोबराच्या मध्यापासून थंडी संपेपर्यंत म्हणजे चांगला ऐसपैस मुहूर्त आहे. तो मला चार वर्षं सापडला नाही, हा भाग वेगळा.

यंदा गुलाबानेच तक्रार केली. पाणी घातलं की ते चाळणीतून पडावं तसं सरळ खाली. मातीने कुंडीच्या कडेची साथ सोडलेली. वाटीएवढं यायचं ते फूल लिंबावर आलेलं. कुंडीला बाहेरून पांढरट थर चढला होता, त्याला मी इतके दिवस वयाची शोभा समजत होतो. ते बोअरच्या पाण्यातले आणि मी मुठीमुठीने घातलेल्या खतातले क्षार निघाले. शेवटी बुडाच्या भोकातून एक मूळ बाहेर आलं, फाटक्या मोज्यातून अंगठा यावा तसं. आता मात्र लाज वाटली.

खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "कुंडी कशाला बदलता? चहाचा चोथा घाला." आमच्या सोसायटीत चहाचा चोथा हे झाडांचं च्यवनप्राश आहे. दुधाच्या आणि साखरेच्या चहाचा चोथा न धुता घातला की मुंग्यांचीच भरभराट होते, हे त्यांना सांगायचं धैर्य मला अजून झालेलं नाही.

पंधरा दिवसांनी येणारे माळीमामा जास्त स्पष्ट बोलले. "सायेब, कळी तर ह्याला रोजच असती. तुमी कुंडी बदलनार का पंचांग बघनार?"

मग दसऱ्यानंतरच्या रविवारी बसलो. आदल्या संध्याकाळी पाणी दिलं होतं, म्हणजे मातीचा गोळा सुटत नाही. दोन कळ्या होत्या. त्या बायकोने कापून पेल्यात ठेवल्या. हे चार वर्षांपूर्वीही करता आलं असतं. फांद्या बाहेरच्या बाजूला पाहणाऱ्या डोळ्याच्या जरा वर तिरप्या छाटल्या. आणि मग कळलं की झाड निघत नाही. कुंडी मी हौसेने आणलेली, पोट सुटलेली आणि गळा आवळलेली. मुळांनी ते पोट पुरतं भरलं होतं. मामांनी कुंडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हातोडी मागितली. गुलाबाला कुंडी घ्यावी ती बादलीच्या आकाराची, वर रुंद होत जाणारी. हे ज्ञान मला दीडशे रुपयांना पडलं.

आतून जे निघालं त्याला माती म्हणवेना. कुंडीच्या आकाराची मुळांची टोपली होती, गोल गोल फिरलेली. (इथे माणसाच्या जागेच्या अडचणीवर चार ओळी लिहायचा मोह होतो आहे. तो आवरतो, गुलाबाला आमच्या गृहकर्जात रस नाही.) मामांनी बाहेरची वेटोळी कापली, काळी मेलेली मुळं काढली, पांढऱ्या बारीक मुळांना बोटसुद्धा जपून लावलं. नवी कुंडी चौदा इंची. भोकावर खापर लागतं, ते शोधायची गरज नव्हती. जुनी कुंडी गच्चीभर पसरली होती. वर माती, चांगलं कुजलेलं शेणखत, थोडी वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड. मामांचा आग्रह हाडांच्या चुऱ्याचा होता. आमच्या घरात चातुर्मास पाळतात, तो विषय पुढे ढकलला.

एक गोष्ट मी आयुष्यभर चुकीची करत होतो. गुलाबाच्या कलमाला जिथे डोळा भरलेला असतो तो गाठीसारखा भाग मी मातीत गाडायचो, झाड घट्ट बसावं म्हणून. तो मातीच्या वर हवा. त्याच्याखालून जोमदार हिरवी फांदी आली की मी पेढे वाटायच्या बेतात असायचो. ती खालच्या रानटी खुंटाची असते आणि वरच्या गुलाबाचं जेवण तीच खाते. ती मुळापासून ओढून काढायची.

काम उरकायला पाऊण तास लागला. चार वर्षं आणि पाऊण तास. नंतर कुंडी आठ दिवस सावलीत ठेवली, खताला हात लावला नाही. चौथ्या दिवशी उरलीसुरली पानं पिवळी पडली तेव्हा मी हादरलो, मामा हादरले नाहीत. बाराव्या दिवशी डोळ्यांतून तांबूस कोंब डोकावले. छाटणीपासून फुलापर्यंत ४० ते ४५ दिवस लागतात म्हणतात. आमच्याकडे नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात फूल आलं, पुन्हा वाटीएवढं. काकूंनी ते पाहिलं आणि विचारलं, "चोथा घातलात ना?" मी हो म्हणालो.

आता दोन-तीन वर्षांनी हे सगळं पुन्हा करायचं आहे. तेव्हाचं कॅलेंडर अजून छापलेलं नाही, म्हणून नव्या कुंडीच्या काठावर ऑइलपेंटने साल लिहून ठेवलं आहे. त्या रविवारीही त्याला कळी असणारच.