वाशिष्ठीकाठचा व्हीटेक
२००० साली आलेली दीड लिटरची होंडा सिटी व्हीटेक म्हणजे १०६ अश्वशक्तीचा ऐवज. ती चिपळुणात असली की मालकाचा कुठल्याच गॅरेजवर विश्वास नसतो. पाना स्वतःच्या हातात, बोनेट उघडं आणि सल्ल्याला आळीतले तिघे.

पहिली सुधारणा ठरलेली. कंपनीनं विचार करून वर बसवलेला एअर फिल्टर काढायचा आणि थंड हवा मिळावी म्हणून पाइप खाली बंपरमागे न्यायचा. थंड हवा दाट, तिच्यात ऑक्सिजन जास्त, म्हणून ताकद जास्त. शास्त्र चोख आहे. फक्त २००५ आणि २०२१ च्या जुलैत वाशिष्ठी नदी बाजारपेठेत शिरली होती, ती बंपरच्या बरीच वरून. हवा दाबली जाते, पाणी नाही. ते सिलिंडरमध्ये गेलं की पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. दोनचार अश्वशक्तींच्या लोभापायी अख्खी १०६ पाण्यात, तीही अक्षरशः!

मग स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवायची. परशुराम घाटातल्या वळणावर पकड वाढते म्हणे. घाटापर्यंत पोहोचायचं तर प्रत्येक गतिरोधकावर गाडी तिरकी चढवावी लागते. तेवढ्यात मागची सहा आसनी रिक्षा पुढे निघून जाते.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असले बदल चालवून घेत नाही. म्हणून १५ वर्षांनंतरच्या फेरनोंदणीला बदललेल्या सायलेन्सरच्या जागी मूळ सायलेन्सर माळ्यावरून खाली उतरतो आणि शिक्का बसला की परत वर जातो. गणपतीच्या मखराचीही इतकी जपून ने-आण होत नसेल.