वर्कलोड संपल्यावर

आयुध निर्माणीत ‘वर्कलोड नाही’ अशी कुजबुज सुरू झाली की आधी ओव्हरटाइम जातो. मग कंत्राटी पोरं घरी बसतात. मग गेटबाहेरच्या किराणा दुकानात उधारी वाढते. दिल्लीच्या फायलीत यातला ओव्हरटाइम तेवढा दिसतो.

२०१७ मध्ये निर्माण्यांत होणाऱ्या अनेक वस्तू ‘नॉन-कोअर’ ठरवून त्या बाजारातून घ्यायची मुभा लष्कराला मिळाली. १ ऑक्टोबर २०२१ला निर्माण्या चालवणारं आयुध निर्माणी मंडळच मोडलं आणि ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. कायम कामगारांना सांगितलं, तुमच्या सेवाशर्ती सुरक्षित आहेत. त्यांनी संप करू नये म्हणून त्याच वर्षी कायदाही केला, बेकायदा संपाला एक वर्षापर्यंत कैद. पण ऑर्डर आटली तर याच यंत्रांवर, याच हातांनी दुसरं काय बनवता येईल, हे कामगारांना विचारल्याचं ऐकिवात नाही.

ब्रिटनमध्ये पन्नास वर्षांपूर्वी हा प्रश्न कामगारांनीच स्वतःला विचारला. लुकास एरोस्पेस या कंपनीचं निम्म्याच्या आसपास काम लष्करी होतं आणि कपातीची टांगती तलवार होती. वेगवेगळ्या कारखान्यांतले कामगार प्रतिनिधी एकत्र आले. त्यांनी १८० तज्ज्ञांना आणि संस्थांना पत्रं पाठवली. उत्तरं आली मोजून तीन-चार. मग त्यांनी शॉपफ्लोअरवरच प्रश्नावली वाटली. तुमच्याकडे कोणती यंत्रं आहेत, कोणतं कसब आहे, तुमच्या वस्तीला कशाची गरज आहे? त्यातून जानेवारी १९७६ मध्ये सुमारे दीडशे वस्तूंचा आराखडा उभा राहिला. त्यात डायलिसिस यंत्रं होती, हीट पंप होते, रस्त्यावर आणि रुळांवरही धावणारी बस होती, पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष असलेल्या मुलांसाठी छोटी गाडी होती. तज्ज्ञ गप्प राहिले तिथे टर्नर आणि फिटर बोलले, म्हणून मला ही घटना फार मोठी वाटते. कंपनीनं आराखडा फेटाळला. मजूर पक्षाचं सरकार असूनही ते पाठीशी उभं राहिलं नाही. आराखड्यामागच्या प्रमुखांपैकी एक, अभियंता माइक कूली, यांना १९८१ मध्ये कामावरून काढलं. आज हीट पंप बसवायला ब्रिटिश सरकार अनुदान देतं.

आपल्याकडे खडकीच्या निर्माणीतल्या कामगाराला निदान पुण्याचा आधार आहे. वरणगाव, भद्रावती, भंडाऱ्याजवळचं जवाहरनगर यांना तेवढा नाही. तिथं कारखान्याभोवती क्वार्टर आहेत, शाळा, दवाखाना, बाजार आहे. कायम कामगाराची बदली होईल. भाजीवालीची, रिक्षावाल्याची, कंत्राटी हेल्परची बदली कोण करणार? सेवाशर्तींच्या हमीत ही माणसं कधीच नव्हती. अमेरिकेत लष्करी तळ बंद झाले की त्या गावांना पुढच्या नियोजनासाठी पैसा देणारं कार्यालय १९६१पासून आहे, आणि ते संरक्षण खात्याचंच आहे. आपल्या संरक्षण मंत्रालयानं तसं कार्यालय उघडावं.

आणि ते आत्ताच उघडावं. सध्या दारूगोळ्याला जगभर मागणी आहे, म्हणून उसंत आहे. युद्धं थांबली की ऑर्डरही थांबतात. दोन्ही महायुद्धांनंतर हे घडलं आणि शीतयुद्धानंतरही. तेव्हा पळापळ करून काही साधत नाही. पगार चालू ठेवून नवं कसब शिकवायला वर्षं लागतात, नवी वस्तू बाजारात उभी करायला त्याहून जास्त. या कामाच्या समितीत कामगार संघटना हवी, नगरपालिका हवी, कंत्राटी कामगारांचा माणूस हवा. पहिली प्रश्नावली शॉपफ्लोअरवर वाटा. सल्लागार कंपनीला नंतर बोलवा.