एफ की जी?

ग्रँट रोडला पूर्वेला उतरून थोडं चाललं की माणसाचं गिऱ्हाईक होतं. रस्त्याचं सरकारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावाने पत्ता विचारलात तर पोस्टमन सोडून कोणी मान वर करणार नाही; सगळ्यांसाठी हा लॅमिंग्टन रोडच. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेला लॅमिंग्टन साहेब अजून हा कॉम्प्युटरचा बाजार सांभाळून बसला आहे. ‘शोले’ ज्या मिनर्व्हात पाच वर्षं चालला, ते याच रस्त्यावर होतं. आता प्रत्येक गाळ्यात एकेक गब्बर बसलेला असतो आणि विचारतो, “कितने कोअर?”

सोबत पुतण्या ओंकार होता. गेमिंगचा पीसी, बजेट ४०,०००, आणि त्यात मॉनिटर नाही, कारण हॉलमधला टीव्ही आहेच. “काका, भाव मी करणार, तुम्ही फक्त पैसे द्या,” अशी कामाची वाटणी त्याने लोकलमध्येच करून टाकली होती.

पहिल्या दुकानदाराने ४०,००० ऐकून ‘आय सेव्हन’ काढला. हा प्रोसेसर घेतला असता तर उरलेल्या पैशात माउस आणि वडापाव आला असता. दुसऱ्याला चार कोअरचा आय थ्री विचारला, तर त्याने ‘बॉटलनेक’ असा शब्द टाकला. घरात कोणी आजारी आहे हे सांगावं तसा चेहरा करून तो म्हणाला, “अंकल, चार कोअर में बॉटलनेक होगा.” हा सोयीचा आजार आहे. कुठल्याही प्रोसेसरला होतो आणि औषध नेहमी पाच हजारांनी महाग असतं. खरं तर आय थ्री १२१००एफला चारच कोअर आहेत, तरी साध्या ग्राफिक्स कार्डाबरोबर तो बरेच गेम छान खेळवतो. गेमची चित्रं काढतं कार्ड. पैसा तिकडे जायला हवा.

पण खरी मेख त्या शेपटीच्या ‘एफ’मध्ये. एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड लावेपर्यंत पडदा काळा. आमच्या बजेटात धड कार्ड बसत नव्हतं, त्यामुळे स्वस्तातला एफ घेतला असता तर पुतण्याने काळ्या पडद्याकडे बघत गेम खेळला असता. एकाग्रता वाढली असती, हे खरं.

तिसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्या शेठनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, “कार्ड कब लेगा?” एवढा कामाचा प्रश्न त्या रस्त्यावर कोणीच विचारला नव्हता. ‘पुढच्या वर्षी,’ म्हटल्यावर त्यांनी रायझेन ५ ५६००जी समोर ठेवला. सहा कोअर, बारा थ्रेड, ग्राफिक्स आतच. ओंकार तयारीचा. “पण कॅश १६ एमबीच आहे. नुसत्या ५६००ला ३२ आहे, कार्ड लावल्यावर तो पुढे जातो.” शेठ म्हणाले, “तो फिर कार्ड लाओ.” वाद मिटला. रॅम मात्र १६ जीबीची एक पट्टी न देता आठाच्या दोन दिल्या. आतलं ग्राफिक्स रॅमवरच जगतं, दोन पट्ट्यांनी त्याला दोन रस्ते मिळतात. इतर दुकानांत हे कोणी बोललं नव्हतं. तिथे मला रंगीत दिव्यांचे पंखे दाखवत होते.

मग शेठनी डबा उघडून प्रोसेसर उलटा केला. खाली १३३१ पिना. एक वाकली तर खेळ खलास, आणि काउंटरवर मागून तिघांचे कोपर. शेठनी तो बोर्डात अलगद ठेवला आणि खटका खाली दाबला, तेव्हाच मी श्वास सोडला. बिलावर १८ टक्के जीएसटी दिसल्यावर परत धरला.

बाहेर येताच ओंकार हिशेब मांडू लागला, व्हॅलोरंट या गेममध्ये किती फ्रेम मिळतील याचा. टीव्ही साठ हर्ट्झचा आहे, सेकंदाला साठच्या वर चित्रं दाखवणार नाही, हे मी सांगणार एवढ्यात वहिनींचा फोन आला.

“भाऊजी, झालं का? आणि ते टीव्हीला लावणार म्हणे?”

“हो.”

“सात ते दहा सोडून.”

ओंकार परत शेठच्या दुकानात शिरला, जुना मॉनिटर विचारायला.