छापील काका

मराठी माणसांच्या गटसहलीत काही पात्रं ठरलेली असतात. एक जोडपं रोज बसला उशिरा येतं. एक वहिनी कुठल्याही डोंगराकडे पाहून ‘अगदी आपलं माथेरान’ म्हणतात. एक भाऊ बसचं इंजिन सुरू व्हायच्या आत घोरू लागतात. पण ज्यांच्यावाचून गट पुरा होत नाही, ते म्हणजे छापील काका. ते युरोपात असतात, जपानात असतात, आणि मराठी पर्यटकांनी मोरोक्कोच्या वाळवंटापर्यंत मजल मारल्यापासून तिथेही असतात. आमच्या मोरोक्कोच्या गटात अर्थातच होते.

हे नाव पडलं ते हातातल्या कागदामुळे. सहलीचा छापील कार्यक्रम बाकीचे लोक विमानतळावर एकदा चाळतात आणि मग चकलीखाली ठेवायला वापरतात. काकांनी त्याच्या तीन प्रती काढल्या होत्या. एक खिशात, एक बॅगेत आणि एक पुण्याला मुलाकडे, ‘उद्या काही वाद झाला तर’. काकांची सगळी नोकरी सरकारी हिशेबतपासणीत गेली. सरकारने त्यांना निवृत्त केलं, पण त्यांनी तपासणीला काही निवृत्त केलं नाही. ऑफिसात त्यांनी जिल्हा परिषदेची खडी मोजली. मोरोक्कोत ते अ‍ॅटलास पर्वत मोजायला आले होते.

सहलीचं पत्रक वाचणं हे शास्त्र आहे, आणि काका त्यातले शास्त्री. ‘भेट’ म्हणजे उतरायचं, तिकीट काढायचं, आत जायचं. ‘बाहेरून पाहणे’ म्हणजे उतरायचं, पण तिकीट नाही. ‘फोटो स्टॉप’ म्हणजे उतरायचं, पण ड्रायव्हर इंजिन बंद करणार नाही. आणि ‘बसमधून पाहणे’ म्हणजे डावीकडच्यांना दिसेल, उजवीकडच्यांनी मान वळवावी. म्हणूनच रोज सीट बदलण्याचा तक्ताही काकांकडेच असे. टूर मॅनेजर पंचविशीतला पोरगा. आदल्या रात्री ‘उद्या सहा-सात-आठ’ अशी घोषणा तो करायचा. उठणं सहाला, नाश्ता सातला, बस आठला. आठ वाजून एका मिनिटाने काकांचं घड्याळ त्याच्या नाकासमोर यायचं.

पहिली ठिणगी कासाब्लांकात पडली. तिथली हसन दुसरे यांची मशीद १९९३ साली पुरी झाली. समुद्राला अगदी खेटून उभी, मिनार सुमारे २०० मीटर उंच, आत एका वेळी पंचवीस हजार माणसं नमाज पढू शकतात. इतर धर्मीयांना गाईडबरोबर आत सोडणाऱ्या मोरोक्कोतल्या मोजक्या मशिदींपैकी ही एक. आत गेल्यावर सगळे माना वर करून लाकडावरचं कोरीवकाम बघत होते. काका छत बघत होते.

“पत्रकात छापलंय, ‘सरकते छप्पर’. सरकवा.”

“काका, ते आज उघडणार नाहीत.”

“मग बाळा, आजच्या पुरतं ते साधं छप्पर झालं. साधी छप्परं पुण्यात आहेत.”

शेवटी त्यांनी त्या ओळीपुढे अर्धी खूण केली आणि बारीक अक्षरात ‘छ. बंद’ अशी नोंद घातली. काकांकडे तीन खुणा असत: पुरी, अर्धी आणि फुली. पुरी खूण मिळालेली वस्तू जगात बिनधास्त वावरायला मोकळी.

काका फक्त कंपनीच्याच मागे लागतात असा कोणी समज करून घेऊ नये. त्याच शहरात ‘रिक्स कॅफे’समोर बस थांबली. ‘कासाब्लांका’ हा १९४२ चा गाजलेला सिनेमा कासाब्लांकात मुळी चित्रित झालाच नाही, तो अमेरिकेतल्या स्टुडिओत झाला आणि हा कॅफे २००४ साली सिनेमावरून उभा केला, असं गाईडने सांगताच गटात कुरकुर सुरू झाली. फसवलं, असं दोघातिघांनी म्हटलंदेखील. काका गर्रकन वळले. “चित्रीकरण झालं असं कुठे छापलंय? ‘फोटो स्टॉप’ छापलंय. स्टॉप झालाय. फोटो काढा.” आणि पुरी खूण. टूर मॅनेजरच्या डोळ्यांत त्या दिवशी पहिल्यांदा पाणी आलं. दुसऱ्यांदा फेसमध्ये आलं, पण त्याचं कारण वेगळं.

फेसचं जुनं शहर म्हणजे गल्ल्यांचं अरण्य. नऊ हजारांहून जास्त गल्ल्या आहेत म्हणतात. मोटार आत शिरत नाही. सामान गाढवाच्या पाठीवरून जातं आणि गाढव समोरून आलं की माणसाने भिंतीला पाठ लावायची. याच गल्ल्यांत अल-करवियीन आहे. फातिमा अल-फिहरी नावाच्या बाईने वारशाच्या पैशातून ८५९ साली उभारलेली ही मशीद. पुढे तिथलं विद्यापीठ जगातल्या सर्वांत जुन्या विद्यापीठांत मोजलं जाऊ लागलं. बिगरमुस्लिमांना आत प्रवेश नाही, म्हणून आम्ही दारातूनच अंगण आणि कारंजं पाहिलं. काका उंबऱ्याशी थांबले, चपला नीट केल्या, मान जितकी पुढे जाईल तितकी घातली, आणि अर्धी खूण केली. ‘दा.तून’. मग म्हणाले, “बाईंचं काम मात्र चोख. अकराशे वर्षांवर झाली, संस्था चालू आहे. आमच्याकडे अनुदान थांबलं की तिसऱ्या वर्षी कुलूप.”

पुढे चौआराचे चामड्याचे कुंड. चुना आणि कबुतराची विष्ठा यांच्यात कातडी भिजवून मऊ करतात, मग रंगाच्या हौदात उतरून पायांनी तुडवतात. वास असा की वरच्या सज्जात शिरतानाच प्रत्येकाच्या हातात पुदिन्याची काडी देतात, नाकाशी धरायला. बाकीचे नाक वाचवण्यात गुंतले होते. काकांनी शेजारच्या वहिनींच्या काडीला सात पानं आणि आपल्या काडीला पाच, हे दुकानदाराच्या नजरेस आणून दिलं. दुकानदाराने “अमिताभ बच्चन!” असं आनंदाने ओरडून त्यांना आणखी एक काडी दिली. मोरोक्कोत हिंदी सिनेमाचं वेड जुनं आहे, आणि भारतीय दिसला की बाजारातून अमिताभ नाहीतर शाहरुख अशी हाक येतेच. काकांची उंची पाच फूट दोन इंच. तरी त्या दिवशी ते उरलेल्या गल्ल्यांतून जरा ताठ चालले.

तांबटांच्या चौकात डोकी मोजायची वेळ आली. टूर मॅनेजरने मोजली: बरोबर. काकांनी मोजली: एक कमी. पोराने गाईडलाही धरलं होतं. काका कडाडले, “परदेशात येऊन एवढी शिस्त नाही लोकांना? कोण आहे ते? काही घरचं वळण?” सगळा गट गप्प. शेवटी त्या जोडप्यातल्या मुलीने हळूच विचारलं, “काका, काकू कुठे आहेत?”

काकू समोरच्या दुकानात तांबटाच्या घरच्या मंडळींत बसून पुदिन्याचा चहा पीत होत्या. त्या मंडळींना मराठी येत नव्हतं, काकूंना अरबी येत नव्हतं. पण सुनांविषयी एकमत झाल्याचं हातवाऱ्यांवरून दिसत होतं. टूर मॅनेजरच्या डोळ्यांत पाणी आलं ते या वेळी, आणि ते हसू दाबल्यामुळे. “अहो, बसा, चहा घ्या,” काकू म्हणाल्या. काका म्हणाले, “हा समाविष्ट नाही.” काकू म्हणाल्या, “म्हणूनच चांगला आहे.”

दुसऱ्या दिवशी फेस ते मर्झुगा. ‘निसर्गरम्य प्रवास’ असं पत्रकात दोनच शब्दांत छापलेलं असतं. प्रत्यक्षात तो सगळा दिवस बसमध्ये असतो. आझरूच्या आसपास देवदाराच्या भाऊबंदांची, अ‍ॅटलास सेडरची जंगलं लागतात. त्यांत बार्बरी माकडं आहेत आणि त्यांना शेपूट नसतं. एका भाऊंनी काकांना मुद्दाम डिवचलं, “काका, शेपूट कमी आहे.” काकांनी कागद पाहिला. “शेपटीचा उल्लेख नाही. हरकत घेता येत नाही.” झाडं संपून उघडे डोंगर लागले तेव्हा त्यांनी समासात ‘रम्य संपले’ असं लिहून वेळ घातली. झिझ नदीच्या खोऱ्यात खजुराची रांग दिसू लागताच ‘रम्य पुन्हा सुरू’.

मर्झुग्याला शेपटीचा प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहिला. पत्रकावरच्या चित्रातल्या उंटाला दोन वशिंडं होती. समोर आणलेल्या उंटाला एक. दोन वशिंडांचा उंट मध्य आशियातला. आपल्याकडे लडाखच्या नुब्रा खोऱ्यात दिसतो. उत्तर आफ्रिकेत एकाच वशिंडाचा. चित्र छापखान्यातल्या कुणीतरी भलतंच उचललं होतं. काकांची मागणी सरळ होती: एक वशिंड कमी, त्या मानाने पैसे कमी. टूर मॅनेजरने हात जोडले. उंटवाल्याला हा व्यवहार समजावून सांगण्यात आला, तेव्हा तो इतका हसला की उंटही उठून उभा राहिला, आणि त्यावर काका होते.

एर्ग शेब्बीच्या टेकड्या दीडशे मीटरपर्यंत उंच जातात. वाळू सकाळी गुलाबी आणि संध्याकाळी केशरी दिसते. त्या संध्याकाळी मात्र वारा सुटला, धूळ उठली आणि सूर्य आकाशात कुठे आहे हेच कळेना. सगळे तोंडाला फडकी बांधून तंबूत परतले. काका धुळीतच उभे.

“सूर्यास्त झाला नाही.”

“झाला काका, दिसला नाही.”

“छापलंय, ‘सूर्यास्त पाहणे’. नुसता ‘सूर्यास्त’ असता तर मी बोललो नसतो.”

“उद्या पहाटे सूर्योदय दाखवतो. छान दिसेल.”

“सूर्योदय वेगळा छापलाय. त्या खात्यातून या खात्यात वळवता येणार नाही.”

पहाटे आकाश लख्ख होतं. गट वाळूत बसून डोळे भरून बघत होता. काकांनी सूर्योदयाला पुरी खूण दिली, सूर्यास्तासमोर फुली मारली, आणि ‘बाकी’ लिहिलं.

पुढे तोद्राच्या घळीत दोन्ही बाजूंना तीनशे मीटरचे कडे आहेत. तिथे काका काही बोलले नाहीत, कारण तिथे ‘भव्य’ असं छापलं होतं आणि ते नाकारणं शक्य नव्हतं. वारझाझातला वाद मात्र पानात झाला. रात्री ‘सात भाज्यांचा कुसकुस’ आला. मोरोक्कोत शुक्रवारी घरोघर कुसकुस करतात आणि सात भाज्यांचा प्रकार विशेष मानाचा. काकांनी काट्याने उकरून मोजल्या. गाजर, सलगम, कोबी, भोपळा, झुकिनी, टोमॅटो. सहा. आचाऱ्याला बोलावलं. त्याने हरभऱ्याकडे बोट दाखवलं. “हरभरा कडधान्यात मोडतो,” काका म्हणाले. हरभरा भाजी की कडधान्य यावर गट उभा फुटला. कोल्हापूरकर कडधान्याच्या बाजूने, मुंबईकर भाजीच्या. काकू म्हणाल्या, “अहो, गार होतंय. गिळा.” निकाल लागला.

आइत बेनहद्दू हे मातीच्या भिंतींचं जुनं गाव. १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. ‘ग्लॅडिएटर’चं काही चित्रीकरण तिथे झालं. ‘भेट’ छापलं होतं, भेट झाली, पुरी खूण. तिथून मराकेशकडे जाताना तिझी न’तिश्काची खिंड लागते. पत्रकात उंची २२६० मीटर, आणि खिंडीतल्या पाटीवरही २२६०. सगळ्या सहलीत काकांनी स्वतःचा एकच फोटो काढून घेतला, तो या पाटीशेजारी. चेहऱ्यावर इतकं समाधान की मागे पर्वत आहे हे फोटोत कोणाच्या लक्षात येत नाही.

मग आलं मराकेश. कुतुबिया मशिदीचा ७७ मीटरचा मिनार बाहेरून पाहिला, पुरी खूण. आणि संध्याकाळी बस जमा अल-फना चौकाशी थांबली. पत्रकात दोनच शब्द छापले होते: ‘मोकळा वेळ’. काकांचा चेहरा पडला. मोकळ्या वेळात काय मिळायला हवं, कोणाकडून आणि किती, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. खूण करायला समोर ओळच नाही.

चौकात मात्र सगळंच होतं. संत्र्याच्या रसाच्या गाड्या, पुंगीवाले गारुडी, मेंदी काढणाऱ्या बाया, धुरात बुडालेले खाण्याचे ठेले. गोष्ट सांगणाऱ्यांची तर इथे पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा. भोवती माणसांचं कडं करून गोष्ट सांगायची. या चौकातल्या मौखिक परंपरेला युनेस्कोने २००१ मध्ये मानवजातीचा ठेवा म्हणून जाहीर केलं. गट पांगला. काका अशा एका कड्यात जाऊन उभे राहिले. म्हातारा अरबीत रंगून सांगत होता. हात उंचावला, आवाज खाली आणला, आणि ऐन मोक्याच्या क्षणी थांबून त्याने टोपी फिरवायला काढली.

अरबीचं अक्षर न कळता काकांना व्यवहार लगेच कळला: गोष्ट अर्धी, पैसे आधी. त्यांनी मराठीत स्पष्ट सांगितलं, “आधी पुरी करा, मग देतो.” लोक हसले. म्हाताऱ्याने मान हलवली आणि टोपी पुढे धरली. दोघेही आपापल्या तत्त्वाला धरून. शेवटी काकांनी अर्धे पैसे टाकले, अर्धे मुठीत ठेवले, आणि म्हातारा पुढे सांगू लागला.

ठरलेल्या वेळी बसमध्ये डोकी मोजली. एक कमी. या वेळी पोराने बरोबर मोजलं होतं. बऱ्याच वेळाने काका धापा टाकत आले. सगळी बस टाळ्या वाजवत होती, आणि उशिरा येणारं ते जोडपं सर्वांत जोरात. काका सीटवर बसले आणि काकूंना म्हणाले, “तो शेवटपर्यंत पोचला. उरलेले दिले. व्यवहार चोख.”

“गोष्ट कशाची होती?” काकूंनी विचारलं.

“ते कसं कळणार? पण पुरी सांगितली.”

परतीच्या विमानतळावर अभिप्रायाचे कागद आले. बाकीच्यांनी ‘खूप छान’ लिहिलं आणि नाव खरडलं. काकांनी मागची बाजूही वापरली. त्यात सरकतं छप्पर होतं, वशिंड होतं, हरभरा होता, आणि टूर मॅनेजरला बक्षीस द्यावं अशी शिफारस होती. सगळ्यात खाली, अधोरेखित करून: ‘सूर्यास्त एक, येणे बाकी.’

तुम्ही मोरोक्कोला जाणार असाल तर पैसे भरण्याआधी कंपनीला एक प्रश्न नक्की विचारा: गटात एखादे छापील काका आहेत का? असतील तर निश्चिंत जा. तुमचं एक डोकं, एक पान आणि एक मिनिटही कुठे कमी पडणार नाही. दोन असतील, तर तारीख बदला.