सोलापूरच्या समस्त कॅमेराफोन-पंडितांस अनावृत पत्र

पिक्सेलमर्मज्ञ, भिंगशास्त्रविशारद मित्रहो,



नव्या पेठेतील चहाच्या गाड्याशेजारी, दुकानांचे दिवे लागल्यावर, आपली जी विद्वत्सभा नित्यनेमाने भरते, तिचा मी एक अनाहूत परंतु निष्ठावंत श्रोता आहे. ज्या शहरात मार्च उलटताच पारा चाळिशी ओलांडतो आणि शहाणी माणसे दिवस मावळेपर्यंत दाराआड बसून राहतात, त्या शहरात केवळ एका नव्या यंत्राच्या गुणदोषांची मीमांसा करण्यासाठी दहा-बारा गृहस्थांनी घाम पुसत तासन्‌तास उभे राहावे, ही गोष्ट ज्ञानपिपासेच्या इतिहासात नोंदविण्याजोगी आहे, असे माझे प्रांजळ मत असल्यामुळे हा पत्रप्रपंच करीत आहे.

सांप्रत आपल्या सभेपुढे जो विषय रोज चालतो आणि रोज तहकूब होतो, तो म्हणजे 2025 च्या मार्चमध्ये भारतात दाखल झालेला शाओमीचा पंधरा अल्ट्रा हा फोन. दाखल होतानाची किंमत 1,09,999 रुपये. पाठीवर लायका या जर्मन कंपनीचे नाव. आणि भिंगांचे वर्तुळ एवढे विस्तीर्ण, की फोन टेबलावर ठेवला असता तो एका अंगास उंच राहून सभेस अध्यक्षीय मुद्रेने न्याहाळतो. आपल्यापैकी एकाच सभासदाने, हप्त्यांच्या आधारे, तो प्रत्यक्ष खरेदी केला असून त्या दिवसापासून तो बिचारा बोलत नाही; त्याचा फोन मात्र मुद्देमाल म्हणून रोज हजर केला जातो, हातोहात फिरतो आणि ज्यांनी एक छदाम मोजलेला नाही ते त्याच्यावर निवाडा देतात. यात मला गैर काही दिसत नाही. पैसे मोजणारा मनुष्य त्या वस्तूचा वकील बनतो. न्यायासनावर बसावयाचे तर खिसा शाबूत असलेलाच बरा.

प्रथम इंचाची कैफियत. या फोनाचा मुख्य सेन्सर ‘एक इंची’ आहे, हे वाक्य मी आपल्या मुखातून इतक्या वेळा ऐकले आहे, की शाळेतील फूटपट्टीविषयीची माझी श्रद्धा पुन्हा जागृत झाली होती. वास्तविक त्या सेन्सराची लांबी सुमारे 13.1 व रुंदी 9.8 मिलिमीटर असून कर्ण जेमतेम 16.4 मिलिमीटर भरतो. इंच मात्र 25.4 मिलिमीटरांचा. ही तफावत कोणा मोजणीदाराच्या लबाडीमुळे पडलेली नाही. जुन्या टेलिव्हिजन कॅमेऱ्यांत काचेची नळी असे, तिच्या बाहेरच्या व्यासावरून तिचे माप सांगत आणि चित्र उमटे ते आतील सुमारे दोन-तृतीयांश भागावर. नळ्या केव्हाच इतिहासजमा झाल्या, पण त्यांचे माप वतनासारखे पुढे चालू राहिले. तेव्हा परवाच्या बैठकीत एका सभासदाने ‘पूर्ण एक इंच, मालक, एक सूतही कमी नाही!’ अशी जी ग्वाही दिली, ती दप्तरातून काढून टाकावी, एवढीच विनंती. लग्नाच्या फोटोग्राफराच्या मोठ्या कॅमेऱ्यातील 36 गुणिले 24 मिलिमीटरांचा सेन्सर क्षेत्रफळाने याच्या साडेसहापटींहून अधिक असतो, हेही तेथेच नमूद व्हावे.

आता मेगापिक्सेलचा मुकदमा. 2012 साली नोकियाने 808 प्युअरव्ह्यू हा 4.1 कोटी बिंदूंचा फोन काढला तेव्हा यापुढे काय उरले, असे वाटले होते. आज या फोनाच्या दूरदर्शी भिंगामागे 20 कोटी बिंदू आहेत. परंतु हे बिंदू इतके चिमुकले, की एकेकट्यास अंधुक उजेड धड पेलवत नाही. म्हणून शेजारचे सोळा मिळून एक बिंदू केला जातो आणि हाती उरते ते सुमारे सव्वा कोटीचे चित्र. सातबाऱ्यावरील सोळा हिस्सेदारांनी परस्परांवरील दावे काढून घेऊन एकाच नावाने पीक घ्यावे, तसा हा समेट. असा समेट आपल्या जिल्ह्यात फोनाखेरीज अन्यत्र झाल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. पुढे हे सव्वा कोटीचे चित्र आपण नातलगांच्या व्हॉट्सॲप गटावर धाडता, एचडीचे बटण दाबण्याची तसदी कोणी घेत नसल्यामुळे त्याची काटछाट होऊन ते वीस लाख बिंदूंच्या आसपास येते आणि सोरेगावची मावशी ते तडा गेलेल्या पडद्यावर पाहून ‘छान’ असा शेरा मारते. एवढ्या खटाटोपाची अखेर एका अंगठ्यात व्हावी, याचे आपणांस वैषम्य वाटत नाही. हीच स्थितप्रज्ञता होय.

तिसरे प्रकरण चंद्राचे. पौर्णिमेस सिद्धेश्वर तलावाच्या काठी जमून आपण निरनिराळ्या फोनांनी चंद्र टिपता आणि ज्याच्या चंद्रावर विवरे अधिक, त्यास जयपत्र देता. 2023 च्या मार्चमध्ये परदेशातील एका चिकित्सक गृहस्थाने चंद्राचे चित्र मुद्दाम धूसर करून संगणकाच्या पडद्यावर लावले, दिवे मालवले आणि दुरून सॅमसंगच्या फोनाने ते टिपले. फोनाने त्या धुरकट गोळ्यावर, मुळात नसलेली, विवरे रेखून दिली. चंद्र ओळखून त्याचा तपशील उठावदार करणारी यंत्रबुद्धी फोनात आहे, असा खुलासा पुढे कंपनीनेच केला. नवल ते काय? चंद्र आपणांस सदैव एकच बाजू दाखवितो, तेव्हा त्याचे रूप पाठ करून ठेवणे यंत्रास सोपे आहे. ज्या परीक्षेची प्रश्नपत्रिका आकाशात वर्षानुवर्षे टांगलेली आहे, तिच्यात पहिला येणाऱ्याचा सत्कार करावयाचा किंवा कसे, हे सभेने ठरवावे.

आपली विद्या पोकळ आहे असा माझा आरोप मुळीच नाही. विमा कचेरीतील कारकुनाने अपर्चर व शटर यांचा परस्परसंबंध अचूक सांगावा, किराणा दुकानदाराने चेहऱ्यासाठी लांब भिंग का योग्य हे सप्रमाण पटवावे, हे दृश्य वीस वर्षांपूर्वी केवळ फोटो-स्टुडिओतच दिसले असते. माझी तक्रार निराळी आहे. मुद्देमालाचा फोन एकदा मालकाच्या अनुमतीने मी उघडून पाहिला, तेव्हा त्यात चहाचा ग्लास, गाड्यावरचा दिवा, समोरच्या पाटीवरील दहापट जवळ आणलेली अक्षरे, निजलेले कुत्रे आणि पुन्हा चहाचा ग्लास, एवढाच ऐवज आढळला. माणूस एकही नव्हता.

आणि हे कोणत्या गावी? जेथे संक्रांतीस भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या यात्रेत पांढरी बाराबंदी ल्यालेले मानकरी सात नंदीध्वज तोलीत अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेस निघतात, जेथे सम्मती कट्ट्यावर अक्षता पडतात आणि होम मैदानावर शोभेचे दारूकाम होते. त्या दिवशी आपण सारे हात वर करून उभे असता, ही गोष्ट खरी. परंतु त्या हातांच्या अरण्यातून टिपली जातात ती पुढच्या माणसाच्या फोनात दिसणाऱ्या नंदीध्वजाची चित्रे, आणि त्या ध्वजाची काठी पेलणाऱ्याच्या आवळलेल्या बोटांकडे कोणाचेही भिंग वळत नाही. 15 जून 2023 रोजी विमानसेवेस अडथळा ठरलेली सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली गेली, तेव्हाही तसेच झाले. ती कोसळतानाची चित्रफीत घराघरांत आहे. ती उभी असताना तिच्या पायथ्याशी उसाच्या गाड्या घेऊन थांबलेल्या शेतकऱ्यांचे एखादे चांगले छायाचित्र मी आपल्याकडे मागितले, तेव्हा सभा निरुत्तर झाली. 1877 साली सुरू झालेली जुनी गिरणी गेली, लक्ष्मी-विष्णू गेली, नरसिंग गिरजी गेली. पूर्व भागातील यंत्रमागांवर चादर विणणारी आणि घरोघरी विड्या वळणारी तेलुगू-मराठी बोलणारी माणसे अद्याप आहेत. त्यांच्या चेहऱ्यांचे तपशील कोणत्याही कंपनीच्या यंत्रबुद्धीस पाठ नाहीत. ते पाहावे लागतात, आणि त्यासाठी गाड्यापासून दोन मैल चालावे लागते.

सबब माझी दरखास्त अशी, की येत्या संक्रांतीपूर्वी प्रत्येक सभासदाने एक छायाचित्र, केवळ एकच, कागदावर छापून सभेपुढे दाखल करावे. चार गुणिले सहा इंचांच्या उत्तम छपाईस 21,60,000 बिंदू पुरतात, म्हणजे आपल्या खिशातील जुना फोनही या कामी कमी पडावयाचा नाही. चित्रात सोलापूरचा एक माणूस असावा, तो आपला नातलग नसावा, त्याच्या संमतीने ते घेतलेले असावे आणि मागील बाजूस त्याचे नाव, पेठ व तारीख पेन्सिलीने लिहिलेली असावी. ही अट पुरी झाल्यावर सेन्सर, झूम आणि नाईट मोड यांवरील चर्चा पूर्ववत चालू करण्यास माझी हरकत नाही. त्या बैठकीच्या चहाचे बिल मी चुकते करीन.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला नम्र,
गाड्याशेजारचा एक श्रोता